पिकगार्डचा रंग : बेस गिटारवरच्या एका पट्टीचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. बेस गिटारवर बसवायच्या पातळ पट्टीचा रंग कोणता असावा, यावर व्याख्यान देण्यासारखं काय आहे? पण ज्यांच्या घरी बेस गिटार आहे त्यांना विचारा. हा प्रश्न संध्याकाळच्या संध्याकाळ खातो. लाल वाद्यावर पांढरी पट्टी घ्यावी की काळी? सनबर्स्ट रंगावर तपकिरी ठिपक्यांची 'टॉर्टॉइज'च का? आणि मग कोणीतरी ठामपणे सांगतं, "हेच शोभतं, दुसरं नाही."

आज आपण या 'शोभतं'चा इतिहास बघू. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपल्या डोळ्यांना ज्या जोड्या शोभून दिसतात, त्यातल्या बहुतेक एका कारखान्यातल्या कच्च्या मालाने आणि तांत्रिक गरजांनी ठरवल्या. डोळा त्यांना नंतर सरावला. हे एकदा ध्यानात आलं की रंग निवडताना आपण जास्त मोकळे होतो, आणि थोडे जास्त जबाबदारही.

आधी वस्तू नीट पाहू. पिकगार्ड म्हणजे वाद्याच्या अंगावर, तारांच्या खाली स्क्रूने बसवलेली पट्टी. पिक लागून लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून ती असते, असं नावावरून वाटतं. फ्लामेंको वाजवणाऱ्या स्पॅनिश गिटारवरही अशी पट्टी असते. तिथे वादक बोटांनी लाकडावर थाप मारतात, तो मार ती झेलते. बेस मात्र कितीतरी जण नुसत्या बोटांनी वाजवतात. मग तिथे एवढी मोठी पट्टी कशासाठी? तर लाकूड कोरून केलेले खड्डे आणि त्यातल्या वायरी झाकायला. संरक्षण हे निमित्त, झाकण हे खरं काम.

आता चलू या १९५१ सालात, कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने त्या वर्षी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाच्या उंचीचा, उभा धरून वाजवायचा डबल बेस. त्याच्या मानेवर पडदे नसल्यामुळे सूर कानानेच शोधावा लागे. फेंडरच्या वाद्यावर पडदे होते, म्हणून सूर अचूक लागे. 'प्रिसिजन' हे नाव त्यावरूनच आलं. या पहिल्या बेसचं अंग फिकट पिवळसर होतं, मान मेपल लाकडाची, आणि पिकगार्ड काळं. विजेच्या सामानात त्या काळी वापरत तसं ते कडक, काळं साहित्य होतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताशी दुसरं काय असणार? आज जुन्या वाद्यांचे शौकीन ज्या काळ्या-पिवळ्या जोडीवर जीव टाकतात, ती अशी कामाच्या टेबलावरून आलेली आहे.

१९५४ मध्ये अंगाला गोलाई आली, रंग सनबर्स्ट झाला, म्हणजे मध्ये पिवळा आणि कडेला गडद होत जाणारा. पट्टी पांढरी झाली. मग आलं १९५७. या वर्षी वाद्य जवळजवळ नव्याने घडवलं गेलं, आणि पट्टी चक्क धातूची झाली! सोनेरी मुलामा चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम. तुम्ही म्हणाल, शोभेसाठी असेल. शोभा होतीच, पण त्यामागे एक तांत्रिक कारणही होतं.

१९५७ च्या आधी आवाजाची बटणं एका वेगळ्या क्रोमच्या पत्र्यावर असत. नव्या रचनेत बटणं आणि केबल लावायची जागा पिकगार्डवरच आली. आसपासच्या दिव्यांची, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण वायरी पकडतात. वर धातूचा पत्रा असला आणि तो अर्थिंगला जोडला, की तो ही गुणगुण अडवतो. म्हणजे सोनेरी रंग हा एका ढालीचा रंग होता. पण माणसाच्या हाताला घाम येतो. वाजवून वाजवून सोनेरी थर झिजायचा आणि खालचं पांढुरकं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडायचं. दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, ही पट्टी गेली आणि तिच्या जागी आली 'टॉर्टॉइज', सेल्युलॉइडची. ढालीचं काम पट्टीखाली दडवलेल्या धातूच्या पातळ पत्र्याकडे गेलं.

इथे जरा थांबू, कारण या एका शब्दात मोठा इतिहास दडलाय. 'टॉर्टॉइजशेल' नाव कासवाचं आहे. हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाच्या कवचापासून शतकानुशतकं कंगवे, डब्या, चष्म्याच्या फ्रेमी बनत. तपकिरी, मधाळ, आत प्रकाश अडकल्यासारखं ते कवच माणसाला इतकं आवडलं, की त्यापायी ही कासवं संकटात आली. १९७७ मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारात हॉक्सबिलला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत टाकावं लागलं. बेसवरच्या पट्टीत मात्र कासव नव्हतं. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने सेल्युलॉइड यशस्वी करून दाखवलं ते बिलियर्डच्या चेंडूंसाठी, हस्तिदंताला पर्याय म्हणून. म्हणजे हे साहित्य जन्मापासूनच नकलेसाठी होतं : आधी हत्तीच्या दाताची नक्कल, मग कासवाच्या पाठीची.

सेल्युलॉइड आपल्याला परकं नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आला तो याच जातीच्या फितीवर. नायट्रेट आणि कापूर यांचं हे मिश्रण सुंदर दिसतं, पण झटकन पेट घेतं आणि वयाबरोबर कुजतं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि परत न मिळणारे चित्रपट गेले. बेसवरची पट्टी म्हणजे त्याच घराण्यातली धाकटी बहीण. ती आक्रसते, स्क्रूंच्या भोकांपाशी तडकते, आणि बंद पेटीत वर्षानुवर्षं राहिली तर तिच्यातून सुटणारी वाफ शेजारचा धातू गंजवते.

आता १९५९ ची दुसरी गोष्ट बघा. याच वर्षी प्रिसिजन बेसच्या मानेवर मेपलऐवजी गडद रोजवूडची पट्टी आली. म्हणजे तपकिरी पिकगार्ड आणि तपकिरी मान दोघं एकदम आले. आज कोणी म्हणतं, "रोजवूडबरोबर टॉर्टॉइज, मेपलबरोबर काळं," तेव्हा तो रंगशास्त्राचा नियम सांगतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो कारखान्याचं कॅलेंडर सांगतोय.

रंगीत वाद्यांचंही तसंच. १९६० च्या सुमारास फेंडरने खास रंगांचा तक्ता छापला, त्यात १४ रंग होते. पाच टक्के जास्त द्या आणि हवा तो रंग घ्या. हे रंग आले मोटारींच्या जगातून. 'फिएस्टा रेड' हा फोर्ड थंडरबर्डचा, 'सॉनिक ब्लू' कॅडिलॅकचा, 'सर्फ ग्रीन' शेव्हरोलेचा. अशा अंगावर अनेकदा तीन थरांची पट्टी बसे : पांढरा, काळा, पांढरा. कडा तिरकी तासलेली असल्यामुळे मधली काळी रेघ सगळीकडून दिसते. साडीला काठ जे काम करतो, तेच ही रेघ करते. दोन रंग एकमेकांवर आदळत नाहीत, मध्ये सीमा येते. हलक्या अंगावर पांढरी पट्टी असूनही वाद्य फिकं का दिसत नाही, त्याचं उत्तर त्या रेघेत आहे.

आणि गंमत अशी, की त्या पांढऱ्या सेल्युलॉइडचा रंग टिकला नाही. वर्षं गेली तशी ती पट्टी पिवळसर, मग हिरवट झाली. १९६५ मध्ये कंपनी सीबीएसकडे गेली, त्या सुमारास सेल्युलॉइड मागे पडून दुसरं प्लास्टिक आलं, आणि जुन्या पट्ट्या आणखीच वेगळ्या दिसू लागल्या. आज दुकानात 'मिंट ग्रीन' पिकगार्ड मिळतं. कोरं, कालच बनवलेलं. १९६० साली कारखान्यात हा रंग कोणी निवडला नव्हता. काळाने केलेला डाग आपण आता पैसे देऊन नवा विकत घेतो.

मग रंगाला काहीच अर्थ नाही का? आहे. दोन माणसं बघा.

डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन बसायचा. त्याच्याकडे १९६२ चा सनबर्स्ट प्रिसिजन होता, वर टॉर्टॉइज पट्टी. अगदी कारखान्यातून येतो तसा. १९६० च्या दशकातली कितीतरी गाजलेली गाणी त्याच्या एका बोटाने तोलली आहेत. पण रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं नसत. ऐकणाऱ्यांना त्याचा चेहरा माहीत नव्हता, वाद्याचा रंग कुठून माहीत असणार! १९८३ मध्ये तो वारला, त्याच्या थोडं आधी ते वाद्य चोरीला गेलं. आज सनबर्स्ट आणि टॉर्टॉइजची जोडी मागणारे अनेक जण नकळत त्याची आठवण मागत असतात.

दुसरा डब्लिनचा फिल लिनट, 'थिन लिझी'चा गायक आणि बेसवादक. त्याच्या काळ्या प्रिसिजनवर आरशाचं पिकगार्ड होतं. रंगमंचावरचा झोत त्यावर पडायचा आणि तो वाद्य फिरवून ती तिरीप थेट प्रेक्षकांच्या तोंडावर टाकायचा. इथे पट्टी झाकण राहिली नाही, ती वाद्याचा भाग होऊन बोलायला लागली. पहिल्याने कारखान्याची निवड जशीच्या तशी ठेवली आणि तिला अर्थ दिला. दुसऱ्याने निवड बदलली, पण काय हवंय ते ठाऊक असल्यामुळे.

आणि जॅको पास्टोरियसने तर आपल्या १९६२ च्या जॅझ बेसवरची पट्टी काढूनच टाकली. जॅझ बेसवर हे जमतं, कारण त्याची बटणं वेगळ्या क्रोमच्या पत्र्यावर असतात. प्रिसिजनची पट्टी काढली तर बटणंच लोंबायला लागतील.

तर तुम्हाला रंग निवडायचा असेल तेव्हा आमच्या मते तीन गोष्टी विचारा. एक, हे वाद्य कोणत्या वर्षाकडे बघतंय? मेपल मान आणि फिकट अंग असेल तर काळी पट्टी १९५१ ची आठवण करून देईल, सोनेरी १९५७ ची. ती आठवण हवी असेल तर घ्या, नको असेल तर मोकळ्या मनाने मोडा. दोन, पुढे काय दिसायला हवं, अंग की पट्टी? लाकडाच्या रेषा सुंदर असतील तर त्यांच्या जवळचा, गडद रंग घ्या. अंग एकरंगी असेल तर विरोधी रंग आणि मध्ये काठ. तीन, बसेल का? १९५७ च्या धर्तीच्या प्रिसिजन पट्टीला १० स्क्रू असतात, १९६२ च्या धर्तीला १३. रंगाच्या मोहात चुकीची पट्टी आणली, की मग ड्रिल हातात घ्यावंसं वाटतं. जुन्या लाकडात नवं भोक पाडलं तर ते कायमचं असतं. पट्टी उद्या बदलता येते, भोक नाही.

आणि एक विनंती. काढलेली जुनी पट्टी टाकून देऊ नका, मग ती तडकलेली, हिरवट, झिजलेली का असेना. ती हवेशीर जागी, धातूपासून लांब, वेगळी ठेवा. कोणाचा अंगठा कुठे टेकायचा, घाम कुठे लागायचा, ऊन कुठून यायचं, हे सगळं त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ज्या वादकांची नावं कुठेच छापली गेली नाहीत, त्यांच्यातल्या काहींचा तेवढाच पुरावा उरला असेल.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि पुढच्या वेळी कोणी "हेच शोभतं" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : "कधीपासून?"