जाडं मीठ खरंच बंद झालंय का? लोणच्याच्या बरणीतून दिसणारा मिठाचा इतिहास

परवा पेणच्या बाजारात लोणच्यासाठी जाडं मीठ आणायला गेलो होतो. दुकानदाराने बारीक मिठाची पिशवी पुढे केली. म्हटलं, "हे नको, खड्याचं द्या." तर म्हणाला, "भाऊ, ते आता बंद झालं. सरकारची बंदी आहे. आयोडीनवालंच विकायचं." शेजारी उभ्या असलेल्या मावशी लगेच म्हणाल्या, "म्हणूनच हल्ली घरचं लोणचं टिकत नाही." आणि त्यांनी फळीवरची तयार लोणच्याची बाटली उचलली.

पेणमध्ये जाडं मीठ मिळत नाही, हे ऐकून मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. ज्या तालुक्याच्या खाडीकाठाने पिढ्यानपिढ्या मीठ पिकवलं, तिथे आपण मीठ शोधत फिरतोय. बंदीचं खरं-खोटं करायला बसलो आणि बरंच मागे जावं लागलं. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

सुरुवात शब्दापासून करू. लोणचं हा शब्द आला लवणावरून. लवण म्हणजे मीठ. म्हणजे नावात ना कैरी आहे, ना मोहरी, ना तेल. नावात आहे फक्त मीठ. (लोणी मात्र नवनीतावरून आलं, त्याचा मिठाशी संबंध नाही.) आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं की कैरी, लिंबू, करवंद, मिरची काहीही घ्या, टिकवण्याचं मुख्य काम मीठच करतं. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं, त्या खारट पाण्यात कुजवणारे जंतू वाढू शकत नाहीत. कैरीचा आंबटपणा आणि मोहरी त्याला हात देतात, वर आलेलं तेल हवा अडवतं. म्हणून चार वाट्या फोडींना पाऊण ते एक वाटी मीठ लागतं. तब्येतीचं कारण सांगून मीठ निम्मं केलं आणि बरणी बाहेर ठेवली की बुरशी येणारच. दोष त्या मिठाच्या ब्रँडचा नसतो.

आता आपल्या भागाकडे या. पेण म्हणजे अर्धा डोंगर आणि अर्धा खारेपाट. रोह्यातही तेच, कुंडलिकेतून भरतीचं पाणी आत येतं आणि मागे सह्याद्रीच्या रांगा. कैरी आणि करवंद डोंगराची. आजही एप्रिल-मे महिन्यात कातकरी आणि ठाकर बाया पहाटे टोपल्या घेऊन बाजारात बसतात. मीठ खाडीचं. उधाणाचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यात बसलेलं मीठ ओढून ढीग लावायचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतो. यावरून एका पोत्यासाठी किती पाणी आणि किती ऊन लागत असेल याचा हिशेब करा. पाऊस पडायच्या आत सगळं उचलायचं. म्हणजे मिठाचा हंगाम संपतो त्याच दिवसांत लोणच्याचा हंगाम येतो. आपल्याकडचं लोणचं हे डोंगर आणि खाडी यांची वर्षातून एकदा होणारी भेट होती.

हे मीठ फक्त इथल्या बरण्यांत जात नव्हतं. १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (आपल्या जिल्ह्याचं रायगड हे नाव १९८१ मधलं) जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या मालात भात आणि मीठ ठळकपणे येतं. रेल्वे येण्याआधी बैलांचे तांडे घाट चढून देशावर मीठ नेत. लमाण हा शब्दही लवणावरूनच आला असं अनेक जाणकार मानतात. देशावरच्या लोणच्यातही मीठ आपल्या कोकणाचं होतं.

मिठाचं मोल ओळखणारा राज्यकर्ता आपल्याकडे होऊन गेला. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठवलं. पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येत होतं आणि संगमेश्वरच्या मिठाचा बाजार बसायची वेळ आली होती. महाराजांनी बारदेशी मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा स्वस्त पडणार नाही. आजच्या भाषेत आयात शुल्क. कर होता, पण तो इथल्या मीठ पिकवणाऱ्याला वाचवण्यासाठी.

इंग्रजांनी नेमकं उलटं केलं. १८३७ मध्ये मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे अबकारी बसली. १८४४ मध्ये ती एकदम एक रुपया केली तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती बारा आण्यांवर आणावी लागली. पण पुढे ती चढतच गेली. १८८८ मध्ये मणाला अडीच रुपये. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पी भाषणात या कराचा समाचार घेतला आणि पुढच्या वर्षी तो दोन रुपयांवर आला. मुंबईच्या १८९० च्या मीठ कायद्याने तर परवान्याशिवाय मीठ करणं हा गुन्हा ठरवला. खाजणात उन्हाने आपोआप धरलेलं मीठ खरवडून घरी आणलं तरी गुन्हा.

विचार करा. घरासमोर खाडी, खाडीत मीठ, आणि घरातल्या बाईने ते लोणच्यासाठी उचललं तर शिक्षा. गरिबाच्या जेवणात भाकरी आणि लोणच्याची फोड एवढंच असतं. म्हणजे कर नेमका त्याच्या ताटातल्या शेवटच्या चवीवर होता.

६ एप्रिल १९३० ला दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं ते यासाठी. आपल्याकडे विलेपार्ले, वडाळा, शिरोडा इथे मिठाचे सत्याग्रह झाले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला पेणच्या शेजारी चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात आपली माणसं गेली. खाडीचं मीठ आणि डोंगरातलं लाकूड, लढाई एकच होती. जे दाराशी आहे ते घरासाठी घेण्याचा हक्क कोणाचा?

पुढचा भाग शाळेत फारसा शिकवत नाहीत. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात कर काही रद्द झाला नाही. पण एक सवलत मिळाली. जिथे मीठ होतं त्याला लागून असलेल्या गावांतल्या लोकांनी घरच्या वापरासाठी, किंवा त्याच गावात विकण्यासाठी, मीठ गोळा करावं किंवा बनवावं. गावाबाहेर विकायचं नाही. मोठ्या पुढाऱ्यांना ही सवलत किरकोळ वाटली असेल. खारेपाटातल्या घराला ती किरकोळ नव्हती. वर्षाच्या बरणीचं मीठ आता चोरीचं राहिलं नव्हतं. कर पूर्ण गेला १ एप्रिल १९४७ पासून. १९४८ मध्ये दहा एकरांपर्यंतच्या मिठागराला परवान्याची गरजही काढून टाकली. तेव्हापासून मिठावर कर लावायची हिंमत कुठल्या सरकारला सहसा झालेली नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही मीठ शून्य टक्क्यांतच राहिलं.

इथे थोडं कडू बोलतो. हा इतिहास सांगताना आपण इंग्रजांचा अन्याय सांगतो आणि आपल्या माजघरातला गाळतो. लोणच्याच्या बरणीला अमक्या दिवसांत बाईने हात लावायचा नाही, लोणचं नासतं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात ऐकलंय. काही घरांत तर जात बघून बरणी लांब ठेवली जायची. आणि त्या बरणीतलं मीठ? ते आगरी बांधवांनी आणि मजुरांनी उन्हातान्हात, अनवाणी, खारट पाण्यात उभं राहून ओढलेलं. पायांना भेगा पडायच्या, त्या भेगांत मीठ जायचं. ते मीठ आणताना कोणी विटाळ विचारला नाही. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने आणि कमी मिठाने. बाईच्या हाताने नासत असतं तर हे पेण गाव, जिथे पापड-लोणच्याचा धंदा बायकांच्याच हातांवर उभा आहे, कधीच बुडालं असतं.

मग मिठागरं गेली कुठे? ती काही कोण्या एकाने बंद केली नाहीत. गुजरातेत पाऊस कमी, हंगाम लांब, जमीन अफाट. आज देशातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ तिकडे होतं. आपल्याकडे सहा महिने मेहनत आणि एक अवकाळी पाऊस आला की ढीग विरघळला. १९८३ मध्ये टाटांचं पाकीटबंद मीठ आलं आणि पोत्यातलं मीठ हळूहळू मागे पडलं. मुलं मुंबईला, नाहीतर रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत गेली. जमिनीला दुसरेच भाव आले. एसईझेडच्या वेळी २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांनी जनमत चाचणीत मत दिलं, ते आठवत असेल. आता अटल सेतू झालाय आणि उरण-पनवेल-पेणच्या १२४ गावांत नवं शहर यायच्या गोष्टी चालल्यात. मिठागर हा शब्द उद्या एखाद्या बिल्डिंगच्या नावात तेवढा दिसेल.

आता मूळ प्रश्न. बंदी आहे का?

आयोडीनची गोष्ट थट्टेची नाही. आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो, गरोदर बाईला कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो. देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ पासून आहे. खायला विकायच्या साध्या मिठावर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये परत आली. नागपूरची अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली. जुलै २०११ मध्ये कोर्टाने सांगितलं की भेसळ प्रतिबंधाच्या कायद्याखाली असा नियम करताच येत नाही, पण लोकांच्या आरोग्याचा विचार करून सहा महिने तो चालू ठेवला. तेवढ्यात ५ ऑगस्ट २०११ पासून अन्नसुरक्षा कायद्याचे नवे नियम लागू झाले आणि त्यात ही अट पुन्हा आली.

पण ती अट पूर्ण वाचा. थेट खाण्यासाठी विकायचं मीठ आयोडीनयुक्तच हवं. मात्र जनावरांसाठी, औषधं बनवायला, कारखान्यांसाठी आणि पदार्थ टिकवण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकता येतं, फक्त पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. लोणचं म्हणजे पदार्थ टिकवणंच की! म्हणजे दुकानदार अर्धं खरं बोलत होता. मावशींचंही अर्धंच. कायद्याने मिठात आयोडीन असतं ते दहा लाख भागांत १५ ते ३० भाग. एवढ्याशाने लोणचं नासत नाही. आणि जाडं मीठही आयोडीनचं मिळतं. घरच्या रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनचंच मीठ वापरा, हे माझंही सांगणं आहे.

आणखी एक योगायोग बघा. त्याच ५ ऑगस्ट २०११ पासून खाद्यपदार्थांच्या परवाना-नोंदणीचे नवे नियम लागू झाले. म्हणजे घरी लोणचं करून विकणाऱ्या बाईलाही नोंदणी आली, लेबल आलं. स्वच्छतेसाठी हे योग्यच आहे. पण कंपनीकडे कागद करायला माणसं असतात, बचत गटातल्या ताईला एक दिवसाची मजुरी बुडवून चकरा माराव्या लागतात. आपल्या नगरपालिका आणि पंचायत समित्यांनी हंगामाआधी मार्चमध्ये एकेक नोंदणी शिबिर घेतलं, आणि कुठलं मीठ कशासाठी विकता येतं याचा एक कागद प्रत्येक किराणा दुकानात लावला, तर कितीसा खर्च येईल?

शेवटी मला जाडं मीठ मिळालं. मच्छी मार्केटजवळच्या दुकानात, जिथून सुकी मासळी करणारे नेतात. पोत्यावर पत्ता गुजरातचा होता.

इंग्रजाने कायदा करून जे आपल्याकडून काढून घेतलं, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी लढून परत आणलं. आज कायदा आड येत नाहीये. तरी आपण अर्धवट ऐकून बाटली उचलून घरी येतोय. विकतचं लोणचं खाऊ नका असं मी म्हणत नाही, आमच्याही घरी आहे. पण करता येत नाही म्हणून विकत घेणं आणि करू देत नाहीत असं समजून विकत घेणं, यात फरक आहे.

तुमच्या गावात कोणाचं मिठागर होतं? कोणी त्यात काम केलेलं आहे का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज विचारा आणि कमेंटमध्ये लिहा. ती माणसं आहेत तोवरच हे सांगणारं कोणीतरी आहे.