अडीनडीचा पैसा : सोने, कणगी आणि डबा



हल्ली मोबाइल उघडला की कुणी ना कुणी 'इमर्जन्सी फंड ठेवा' असे सांगत असते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, एरवी त्याला हात लावू नका, वगैरे. सल्ला चांगलाच आहे. पण तो काल-परवा निघालेला शोध असल्यासारखा सांगतात, तेव्हा मला हसू येते. आपल्याकडे त्याला अडीनडीचा पैसा म्हणतात, आणि तो राखण्याचे काम पिढ्यानपिढ्या घरातल्या बायकांनीच केले आहे.

मी बी.कॉम. झालेली. हिशोबाच्या पुस्तकात पहिल्यांदा 'राखीव निधी' वाचला, तेव्हा एक गोष्ट समजायला वेळ लागला. हा निधी ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहितात. पैसा तर आपलाच, मग तो देणे कसा? पुढे संसारात पडल्यावर उलगडा झाला. तो पैसा आज आपला नसतोच, पुढच्या वाईट दिवसाला तो आपण देणे लागत असतो. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्यात तर नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकलाच पाहिजे अशी तरतूद आहे. आपला कोल्हापूर जिल्हा सहकाराचा, त्यामुळे प्रत्येक पतपेढीच्या अहवालात ही ओळ सापडते. घराला असा कायदा नाही. घराचा राखीव निधी बाईच्या शहाणपणावर चालत आला.

हा निधी जुन्या काळी दोन रूपांत असे, धान्य आणि सोने. १८९६-९७ साली आपल्या भागात दुष्काळ पडला. राजर्षी शाहू महाराजांना गादीवर बसून दोन-तीन वर्षेच झाली होती. त्यांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने काढली, निराधारांची सोय केली. ज्या घरात कणगी भरलेली होती ते घर तगले. १८९६ मध्येच मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे तो दक्षिण महाराष्ट्रातही पसरला. गावात उंदीर पडू लागले की माणसे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहायची. कणगी काही डोक्यावर घेऊन पळता येत नाही. तिथे कनवटीला बांधलेले आणि अंगावरचे सोने कामाला आले.

म्हणजे दुष्काळात धान्याने तारले आणि साथीत सोन्याने. आपल्या आज्ज्या-पणज्या दोन्ही बाळगून होत्या. बोरमाळ, पोहेहार, पाटल्या, कोल्हापुरी साज हे सगळे मिरवण्यापुरते नव्हते. गुजरीत नेले की तासाभरात त्याचे रोकड पैसे होत.

या सोन्याची सगळ्यांत मोठी गोष्ट आपल्याच समाजातल्या एका बाईची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जैन घरातले. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढले. सर्व जातींची गरीब मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. ही मुले जेवत कशावर, हा प्रश्न मात्र रोजचा होता, आणि तो लक्ष्मीबाईंच्या पदरात पडला होता.

लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. लग्नात त्यांच्या अंगावर भरपूर सोने होते. बोर्डिंगमधले धान्य संपले की एकेक दागिना बाहेर पडू लागला. शेवटी एके दिवशी घरात दाणा उरला नाही, भाऊराव बाहेरगावी होते, आणि लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. त्यातून आलेल्या धान्यावर मुले जेवली. सौभाग्यवती बाईने मंगळसूत्र उतरवणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. १९३० साली त्या गेल्या. पुढे भाऊरावांनी रयतच्या सेवकांसाठी सहकारी पतपेढी काढली ती लक्ष्मीबाईंच्याच नावाने. आज तीच रयत सेवक बँक म्हणून ओळखली जाते.

ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो दागिना त्यांच्या हातात होता आणि तो मोडायचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. कुणाची सही लागली नाही, कुणाची वाट पाहावी लागली नाही. अडीनडीच्या पैशाचा पहिला गुण हाच, की वेळ आली तेव्हा तो घरातल्या बाईच्या हाताशी असला पाहिजे. पुढे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने, जो आपल्या जैनांनाही लागू आहे, स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्त्रीधन हे त्या स्त्रीचेच, सासरकडे ते केवळ सांभाळायला असते, असा निकाल दिला. आपल्या लेकी-सुनांना हे माहीत असायला हवे.

पण सोनेही प्रत्येक वेळी उपयोगी पडले असे नाही. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध करायचा नाही असा नियम झाला. देशभर लाखो सोनारांचा धंदा बसला. कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ मध्ये कायदा झाला आणि सोन्याची बिस्किटे, लगडी घरात ठेवण्यावर बंदी आली. तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये. अंगावरचा दागिना वाचला, पण सोन्यावरही सरकारचा हात पडू शकतो हे लोकांनी पाहिले.

मग बँक? तिचीही एक जुनी कथा आहे. १९६० साली केरळातली पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. ठेवीदार हवालदिल झाले. त्यातूनच १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला. सुरुवातीला ही मर्यादा माणशी फक्त १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतपेढीला मात्र नाही. हा फरक आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. 'बँक'च लिहिले आहे की 'पतसंस्था', हे पाटीवर नीट वाचा. पतपेढी वाईट असे माझे म्हणणे नाही, पण अडीनडीचा सगळा पैसा तिथे नको.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा डबा. डाळीच्या डब्यात, देवघरामागे, साडीच्या घडीत ठेवलेले पैसे. आमच्या मंगळवार पेठेत असा डबा नसलेले घर मी पाहिले नाही. त्याच्या जोडीला भिशी. दहा-बारा जणींनी महिन्याला ठरावीक रक्कम काढायची आणि एकीने उचलायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "भिशी लागली की निम्मी खर्चाची आणि निम्मी डब्याची." भिशी विश्वासावर चालते, त्यामुळे ओळखीच्या बायकांत ती बरी. मात्र आपल्याला हवी त्या महिन्यात ती मिळेलच असे नसते, म्हणून तिला राखीव निधी समजू नये.

या डब्यावर ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री घाला आला. ५०० आणि १,०००च्या नोटा बंद झाल्या. घरोघरी बायकांनी वर्षानुवर्षे साठवलेले पैसे बाहेर काढले, आणि कित्येक नवऱ्यांना आपल्या घरात एवढी शिल्लक होती हे पहिल्यांदा कळले. काही ठिकाणी कौतुक झाले, काही ठिकाणी "माझ्यापासून लपवले का?" म्हणून रुसवेफुगवे. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी होणार नाही असे सरकारने सांगितले होते. तरीही काहींना नोटिसा आल्या. २०२१ मध्ये आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने अशाच एका गृहिणीच्या बाजूने निकाल दिला. घरखर्चातून वाचवलेली अडीच लाखांच्या आतली ती रक्कम तिचे उत्पन्न धरता येणार नाही, असे मान्य केले. आपल्या डब्याला मिळालेली ती सरकारी पावतीच म्हणायची.

आणि त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच डब्याने कोल्हापूरला आधार दिला. ऑगस्ट २०१९चा महापूर कुणी विसरलेले नाही. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. शाहूपुरी, शुक्रवार पेठ, कुंभार गल्ली पाण्यात. शिरोलीजवळ महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद. आमच्या पेठेत पूर आला नाही, पण उपसा केंद्रे बुडाल्याने नळाला पाणी नव्हते. दूध, भाजी, पेट्रोल मिळेना. कार्ड आणि फोन दोन्ही निरुपयोगी झाले होते. रोख दिली तरच टँकर, रोख दिली तरच मेणबत्ती. सरकारने जे सानुग्रह अनुदान जाहीर केले, त्यातलेही ५,००० रुपये रोखीने द्यायचे ठरवले. धान्याचेही तसेच. चातुर्मासासाठी आधीच डाळी-कडधान्ये निवडून भरून ठेवण्याची आपली पद्धत त्या आठवड्यात किती उपयोगी पडली! उलट सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे २००५च्या पुरात बुडाली होती. जमिनीखालची साठवण पाण्यापुढे टिकत नाही.

हा सगळा इतिहास एकच गोष्ट शिकवतो. प्रत्येक संकट एका रूपातला पैसा निकामी करते आणि दुसऱ्या रूपातला कामाला लावते. म्हणून सगळे एका जागी ठेवू नये.

इथे काही जणी विचारतील, साठवणे म्हणजे परिग्रह नाही का? प्रश्न योग्य आहे. पण श्रावकाला सांगितलेले व्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. मुनींनी सर्व सोडायचे, गृहस्थाने मर्यादा बांधायची. शेत-घर, सोने-चांदी, धन-धान्य, सगळ्याला माप. अडीनडीच्या निधीला माप आपोआप येते, कारण तो खर्चावरून मोजला जातो, हावेवरून नाही. माप भरले की साठवणे थांबते आणि पुढचे दानाकडे वळवता येते. शिवाय ज्याच्या घरी चार महिन्यांचा खर्च आहे तो शेजाऱ्याच्या अडचणीलाही उभा राहू शकतो. लक्ष्मीबाईंकडे सोने होते, म्हणून ती मुले जेवली.

आता कामाचे बोलते. तुमचा महिन्याचा खर्च २५,००० असेल तर सहा महिन्यांचे दीड लाख होतात. त्यातले २५,००० घरात ठेवा, छोट्या नोटांत, कोरड्या आणि उंच जागी. ५०,००० बचत खात्यात, तुमच्या स्वतःच्या नावावर. ७५,००० मुदत ठेवीत, विमा असलेल्या बँकेत. सोने यात धरू नका, ते शेवटचा आधार. औषधपाणी असलेल्या घरात हा आकडा थोडा वाढवा. एकदम जमणार नाही, महिन्याला दोन हजारांनी सुरुवात केली तरी चालेल. लग्न, सण, यात्रा, फ्रिज यांसाठी यातला रुपयाही काढायचा नाही. काढलाच तर पुढच्या महिन्यापासून भरायला लागायचे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. डबा लपवायची पद्धत मोडा. कुठे किती आहे, वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे, हे एका वहीत लिहा आणि घरातल्या निदान एका माणसाला दाखवून ठेवा. नवऱ्यानेही त्याची खाती त्याच वहीत लिहावीत. आपल्याच समाजात नवरा गेल्यावर कुठल्या बँकेत काय आहे हे शोधत फिरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पैसा होता, पण त्यांच्या हाताशी नव्हता.

दसलक्षण पर्वाला अजून अवकाश आहे. तोवर ही वही सुरू करा.

जय जिनेंद्र.