चोपणाचा हिशेब

मी कृषी आणि पर्यावरण अर्थशास्त्रात पीएच.डी. करते असं सांगितलं, की गावाकडची माणसं विचारतात, "म्हंजे उसाला दर मिळवून देणार का?" दर मिळवून देणं माझ्या हातात नाही. पण हे शिक्षण माझ्यापर्यंत कसं आलं हे सांगायचं, तर माझ्यापासून सुरुवात करून भागत नाही. ती नीरेच्या डाव्या कालव्यापासून करावी लागते.

१८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी भाटघरचं धरण आणि हा कालवा बांधला. हेतू दुष्काळात पिकं जगवण्याचा. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाणी घेईना आणि सरकारची पाणीपट्टी बुडायची. उसाला मात्र बारमाही पाणी लागतं. म्हणून शेतकऱ्यालाही ऊस बरा वाटला आणि सरकारलाही. बारामतीच्या अंगाला गुऱ्हाळं धुमसू लागली, कुडाची घरं जाऊन माळवदं आली. आमच्याही घराचं माळवद उसाच्याच पैशातलं.

त्याच पाण्यानं दुसरंही काम चालवलं होतं. खोल काळ्या रानात पाण्याचा निचरा होत नाही. जमिनीखालचं पाणी वर चढतं, सोबत क्षार आणतं. उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात. आमच्या रानाचा ओढ्याकडचा दीड एकराचा तुकडा असाच गेला. आजी सांगायची, "आदी उसाचं टिपरू बारीक झालं, मग गहूबी उगवंना, मग नुस्तं पांढरं फुटलं." त्या तुकड्याला घरात 'चोपण' हेच नाव पडलं. वाटण्या झाल्या तेव्हा तो कुणी मागून घेतला नाही.

हे चोपण डोक्यात घेऊनच मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकायला आले. तिथं पिकाच्या उत्पादन खर्चाचा तक्ता मांडायला शिकवतात. बियाणं, खत, बैलजोडी, मजुरी असं सगळं त्यात येतं. पुढं जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज येतं, घरच्या माणसांच्या कष्टांचीही किंमत धरतात. माझ्या आईच्या खुरपणीलाही कागदावर मोल आहे हे तिथं पहिल्यांदा कळलं आणि या विषयाबद्दल आदर वाटला. पण त्याच तक्त्यात पाण्यापुढं फक्त पाणीपट्टी होती. रान बिघडलं त्याचा रकाना नव्हता. मी विचारलं तर सर म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे, पण तो या तक्त्यात बसत नाही. त्यासाठी पर्यावरणाचं अर्थशास्त्र वाच."

ते वाचलं. १९२०मध्ये पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं मांडलेली गोष्ट आमच्या शिवाराला तंतोतंत लागू पडत होती. एकाच्या धंद्याचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडतो, आणि तो पहिल्याच्या हिशेबात येत नाही. वरच्या अंगाचा माणूस उसाला पाणी सोडतो आणि पांढरं फुटतं खालच्याच्या रानात. वरच्याचा तक्ता नफा दाखवतो. तो खोटा नसतो, पण अर्धा असतो.

मग जुनी पुस्तकं चाळताना हॅरॉल्ड मॅन भेटले. हे पुण्याच्या याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी करून १९१७मध्ये पुस्तक काढलं. १७७१मध्ये तिथं सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी दाखवलं. आज तिथं उंच इमारती आहेत. पण मला थांबवलं ते त्यांच्या आणखी जुन्या कामानं. १९१०मध्ये त्यांनी तम्हाणे यांच्यासोबत नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर लिहिलं होतं. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीसएक वर्षं होताहेत तोच हा रोग कागदावर आला होता.

पुढं धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे फायदे मोजले. तो अहवाल १९४८चा. शेतीचं अर्थशास्त्र आपल्याकडं कसं पायी फिरून उभं राहिलं ते त्यात दिसतं. आणि आमच्याच शेजारच्या पुरंदरात, १९७२च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणशी अर्ध्या एकरापुरतं द्यायचं, भूमिहीनालाही द्यायचं, आणि ऊस लावायचा नाही. पाणी कुणाचं, हा प्रश्न त्यांनी पुस्तकाबाहेर सोडवून दाखवला.

माझा प्रबंध याच वाटेवरचा आहे. चोपण पुन्हा पिकाखाली आणता येतं. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा काढावा लागतो. पण एकट्यानं नळ्या टाकून उपयोग नाही. पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मधल्या तीन-चार रानांतून जावं लागतं. त्या खर्चात कुणी किती वाटा उचलायचा, हे मी घरोघर विचारत फिरते. वरच्या अंगाचे म्हणतात, "आमचं रान चांगलंय, आम्ही का द्यायचं?" मधले म्हणतात, "आमच्यातनं चर नेऊ देणार न्हाई." खालचे काही बोलत नाहीत, रान दाखवतात. एक म्हातारे तेवढं म्हणाले, "पोरी, पाणी आलं तवा समद्यांनी घेतलं. आता जायची येळ आली तर त्येला वाट कुनीतरी द्याया पायजे."