निसण्याचा दगड

ज्या मुलुखांत जिकडे पाहावें तिकडे दगडच दगड, त्याच मुलुखांत कोयत्याला धार लावावयास योग्य दगड सहसा मिळूं नये, हें ऐकणारास चमत्कारिक वाटेल. आम्हांसहि तें वाटलें होतें. पन्हाळ्याच्या पायथ्याशीं आमच्या वाडवडिलांची थोडी जमीन आहे, आणि तेथील घरांत आजोबांचा एक कोयता आहे. बांधावरची बाभळ तासावयाची, ऊंस तोडावयाचा, नारळ सोलावयाचा, सारीं कामें त्या एकाच हत्याराचीं. कांहीं वर्षांपूर्वीं तो बोथटला म्हणून आम्हीं मोठ्या हौसेनें विजेवर फिरणाऱ्या चाकावर धरला. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत धार चकाकूं लागली, आणि तिच्या कडेनें एक निळसर पट्टा उमटला. तो आम्हांस शोभेचा वाटला! आमच्या वृद्ध गड्यानें मात्र कोयता हातीं घेऊन एवढेंच म्हटलें, "मालक, पाणी उतरलं की वो ह्येचं." उंसाच्या पहिल्याच कांड्यावर ती धार मुडपली.

लोखंडाचें 'पाणी' हा शब्द आपण माणसांनाहि लावतों, पण त्याचा मूळ अर्थ आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसतो. तापलेलें पोलाद एकदम थंड केलें म्हणजे तें कठीण पण ठिसूळ होतें. मग बेताची उष्णता देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. ही दुसरी उष्णता सुमारें २३० अंश झाली कीं पात्यावर गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या सुमारास निळा. निळा रंग दिसला कीं धारेस लागणारा कठीणपणा बराचसा गेला असें समजावें. तेव्हां आमच्या पूर्वजांनीं हें पाणी राखून धार कशी लावली, व त्यासाठीं दगड कोणता निवडला, असा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहूं. कोल्हापूरचा काळा दगड हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा बनलेला आहे. मोह्स या शास्त्रज्ञानें खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्या लावल्या आहेत. त्यांत या दगडांतील मुख्य खनिजें पांचव्या-सहाव्या पायरीवर बसतात, आणि कठीण केलेलें पोलादहि जवळजवळ तेथेंच, किंबहुना किंचित् वर. ज्यानें झिजवावयाचें तेंच झिजणाऱ्याहून कठीण नसेल तर काम कसें व्हावें? शिवाय या दगडांत जागोजाग पोकळ्या असतात. जात्यास त्या उपयोगी, धारेस घातक. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा तर याहून ओबडधोबड. विहिरीच्या कांठच्या दगडावर विळा घांसणारा शेतकरी आपण पाहतों. मऊ लोखंडास तेवढ्यानें खरखरीत धार येते, पण कसदार पोलादास तेवढें पुरत नाहीं. खरा निसणा म्हणजे गारेच्या, सातव्या पायरीच्या, बारीक व सारख्या कणांचा. तसे वालुकापाषाण दक्षिणेकडे, गोकाकच्या धबधब्यापासून बदामीच्या लेण्यांपर्यंत, आढळतात.

दगड निवडण्याची ही दृष्टि फार जुनी आहे. सुश्रुतानें शस्त्रवैद्याच्या हत्यारांसाठीं उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे, आणि लावलेली धार टिकावी म्हणून शेंवरीच्या लांकडाची फळी. त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्यानें धारेची जाडी कामाप्रमाणें ठरविली आहे. फोडण्याच्या शस्त्रास मसुरीएवढी, खरवडण्याच्या शस्त्रास तिच्या निम्मी, वेध घेण्याच्या शस्त्रास केसाएवढी, तर छेदण्याच्या शस्त्रास अर्ध्या केसाएवढी. सर्वांत बारीक तीच सर्वांत उत्तम, असें तो म्हणत नाहीं. रोमन ग्रंथकार प्लिनी (मृत्यु इ. स. ७९) यानेंहि निसण्यांची प्रतवारी दिली आहे. क्रीटचा दगड तेलानें, नॅक्सॉसचा पाण्यानें, असा त्याचा भेद आहे. प्लिनीच्या रोमशीं कोल्हापूरचा संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० नंतरच्या दशकांत सांपडलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ति त्याच सुमाराच्या रोमन व्यापाराची साक्ष आहे.

जेथें निसर्गानें दगड दिला नाहीं, तेथें कारागिरानें तो घडविला. दक्षिणेंत मैसूर व सेलमच्या बाजूस कुरुंद नांवाचें खनिज मिळतें. मोह्सच्या मापनांत त्याचें स्थान नववें, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. संस्कृतांतील 'कुरुविंद' तें हेंच. वराहमिहिरानें माणकाच्या उत्पत्तिस्थानांत त्याची गणना केली आहे, आणि आजचें रसायनशास्त्रहि माणिक व कुरुंद एकाच द्रव्याचे मानतें. इंग्रजींतील त्याचें नांवहि तमिळ 'कुरुंदम्' वरूनच गेलेलें आहे. ग्रेव्हिल या गृहस्थानें १७९८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें या दगडावर निबंध वाचला होता. आपल्याकडील शिकलगार व जवाहिरे कुरुंदाची भुकटी वितळलेल्या लाखेंत कालवून तिचें चाक करीत. एकानें चामड्याची वादी ओढून चाक पुढें-मागें फिरवावें, दुसऱ्यानें त्यावर पातें धरावें, अशी ती रीत.

या चाकांत एक गुण आहे, तो आम्हांस उशिरां उमगला. लाख सुमारें ७५ अंशांसच मऊ पडते. म्हणजे कारागिरानें घाई केली तर आधीं त्याचें चाक बिघडेल, पात्याचें पाणी उतरण्याची वेळच यावयाची नाहीं. साधनाचा हा दुबळेपणाच हत्याराचा रक्षक होता.

शिकलगार हें नांव फारसींतून आलें. मूळ अरबी 'सैकल' म्हणजे झिलई. कोल्हापूर-सांगलीकडे हें आडनांव आजहि ऐकूं येतें. करवीर राज्यांत या धंद्यास मोठा धक्का बसला असावा तो एकोणिसाव्या शतकांत. १८४४ सालीं सामानगड-भुदरगडाच्या गडकऱ्यांनीं उठाव केला. १८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरांतील २७ व्या पलटणीनें बंड केलें. आणि त्यानंतर कर्नल जेकब यानें दक्षिण महाराष्ट्रांतील लोकांचीं शस्त्रें काढून घेतलीं. तलवारी घरांतून गेल्या. त्यांपैकीं कांहीं घराण्यांच्या तलवारी आज संग्रहालयांत कांचेआड दिसतात. राहिले ते विळे, कोयते, अडकित्ते नि वस्तरे. राजाश्रय तुटला तरी कसब मेलें नाहीं, तें दारोदार फिरूं लागलें. इतिहासकार तलवारीची लांबी नोंदवितात. ती पाजळणाऱ्याचें नांव मात्र कोणी लिहून ठेवीत नाहीं.

पुढें १८९१ सालीं अमेरिकेंत अ‍ॅचेसन यानें विजेच्या भट्टींत कार्बोरंडम तयार केलें, आणि १९४१ सालीं आपल्याच उरणजवळ मोरा येथें शाणचाकांचा कारखाना निघाला. या चाकांनीं गिरण्या व कारखाने चालविले. त्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. दोष असलाच तर तो वेगाचा, आणि त्याहून अधिक आमच्या घाईचा.

आतां रानांतील हत्यारासाठीं दगड कोणता घ्यावा? आमचे लोहार बहुधा मोटारीच्या पाट्याचा कोयता घडवितात. त्यास केसाएवढी धार निरर्थक, कारण बाभळीच्या गांठीवर ती तुटेल. त्यास सुश्रुताची मसुरीच बरी, आणि तिजसाठीं मध्यम कणाचा दगड. बाजारांतील दगडांवर अंक असतात. अंक मोठा तितका कण बारीक. कोयत्यास चारशेंच्या आसपासचा पुरे, भाजीच्या सुरीस एक हजाराचा घ्यावा. पृष्ठभाग सपाट व कण सारखा आहे कीं नाहीं, हें नख फिरवून पाहावें. पाण्यानें वापरावयाचा दगड तेलांत बुडवूं नये, त्याचीं छिद्रें बुजतात. दगड थोडा झिजतो म्हणून तो टाकाऊ समजूं नये. बोथट कण गळून नवे वर येतात, तेंच त्याचें काम. शेवटीं कडेस उलटलेली बारीक कोर लांकडावर किंवा चामड्यावर पुसून काढावी.

आजोबांच्या कोयत्यावरचा तो निळा पट्टा आम्हीं अशाच एका दगडावर, पाणी शिंपडीत, हातानें झिजवून काढला. दोन मिनिटांत केलेलें नुकसान भरून काढण्यास चार रविवार लागले. कोयता आतां बोटाच्या पेराएवढा अरुंद झाला आहे, पण ऊंस पुन्हां एका घावांत तुटतो.