कपाळावरून उतरलेले नाक

‘प्लास्टिक सर्जरीचा जनक सुश्रुत’ हे वाक्य आपण वर्गात नेहमी सांगतो. ते चुकीचे नाही, पण त्यात एक माणूस झाकला जातो.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका गाडीवानाचे चित्र आणि त्याची हकीकत छापून आली. त्याचे नाव कावसजी. नाव पारशी वाटते, पण पत्रात तो शेतकरी मराठा असल्याचे म्हटले आहे. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकताना १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ त्याने तसाच काढला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. अशी शस्त्रक्रिया क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहिली होती, म्हणून तिचा तपशील मिळतो.

नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. फक्त दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. थोटकावरचा जुना व्रण तासून त्यामागे चीर द्यायची. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड चिरेत बसवायची. टाक्यांचा उल्लेखच नाही! आपण विड्यात घालतो तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पाच-सहा पट्ट्यांना फासायचा आणि त्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. साधारण पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापायची.

पट्टी इतके दिवस कशासाठी? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. कातडीचा एवढा जाड तुकडा पूर्ण तोडला तर रक्ताअभावी मरतो. भुवयांच्या आतल्या टोकापासून कपाळाकडे चढणाऱ्या रक्तवाहिन्या या पट्टीतून त्याला जगवतात. तोवर थोटकातून नव्या केशवाहिन्या आत शिरतात आणि पट्टीची गरज संपते.

आता सुश्रुतसंहिता पाहा. तिथे माप झाडाच्या पानाने घेतले आहे आणि कातडी गालाची आहे. कपाळाचा उल्लेख नाही. म्हणजे पुण्याजवळची रीत पोथीबरहुकूम नव्हती. कपाळाची कातडी रुंद, तिला रक्तपुरवठा भरपूर. हा बदल हाताने काम करणाऱ्यांचा आहे, असे मला वाटते.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ही पद्धत आधी प्रेतांवर करून पाहिली आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक तयार केले. भूल देण्याची सोय यायला अजून तीस वर्षे होती. १८१६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली. त्वचेच्या कर्करोगात नाकाचा भाग काढावा लागला, तर आजही सर्जन कपाळाकडेच वळतात.

कावसजीचे नाव उरले, पाहणाऱ्यांचे उरले, चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचेही उरले. ज्याने नाक बसवले त्याची मात्र पत्राने जात तेवढी नोंदली.