अल्पमूल्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची सांगड : एक ऐतिहासिक आढावा (१९९६ ते २०२५)

प्रस्तावना

घरगुती संगणकाचा इतिहास सामान्यतः सर्वांत वेगवान यंत्रांच्या क्रमाने लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणत्या कंपनीने किती मेगाहर्ट्झचा टप्पा गाठला, याच्या नोंदी विपुल आढळतात. परंतु ज्याच्यापाशी ठरावीकच रक्कम आहे अशा खरेदीदाराचा प्रश्न यापेक्षा वेगळा असतो. संगणकीय खेळांसाठी त्याने एक ग्राफिक्स कार्ड घेतलेले असते किंवा घ्यावयाचे ठरविलेले असते. ते कार्ड निष्क्रिय राहू नये यासाठी कमीत कमी किमतीचा कोणता प्रोसेसर पुरेसा ठरेल, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. वरवर पाहता हा दुकानातील हिशेबाचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर गेल्या तीन दशकांत वारंवार बदलत गेले आहे आणि त्या बदलांमागे तंत्रज्ञानाइतकेच उत्पादकांचे व्यापारी निर्णयही कारणीभूत आहेत. स्वस्त चिपमधून उत्पादकाने नेमके काय वगळले आणि जुना मदरबोर्ड किती काळ उपयोगात राहू दिला, या दोन गोष्टींनी खरेदीदाराचे हित चिपच्या जाहीर वेगापेक्षा अधिक प्रमाणात ठरविले, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

कामाची वाटणी

खेळातील प्रत्येक फ्रेम तयार होताना दोन चिप एकापाठोपाठ काम करतात. खेळाचे नियम, पात्रांच्या हालचाली, टकरींचे हिशेब आणि काय काढावयाचे याचे आदेश ही कामे प्रोसेसर करतो. त्या आदेशांनुसार पडद्यावरील चित्रबिंदू रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे असते. दोहोंपैकी जो मंद असेल त्याच्या गतीने फ्रेम मिळतात. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. पडद्याचे विभेदन ६४० × ४८० वरून १०२४ × ७६८ वर नेले तर रंगवावयाचे चित्रबिंदू सुमारे अडीचपट होतात आणि कार्डाचा भार त्या मानाने वाढतो. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते. त्यामुळे एकच प्रोसेसर एका घरात पुरेसा आणि दुसऱ्या घरात अपुरा ठरू शकतो.

१९९६ च्या जूनमध्ये इड सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘क्वेक’ हा खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा ही वाटणी अस्तित्वात नव्हती; संपूर्ण त्रिमित चित्र प्रोसेसरच काढीत असे. जॉन कारमॅक आणि मायकेल अॅब्राश यांनी या खेळाची रचना इंटेलच्या पेंटियमचे अंतरंग समोर ठेवून केली होती. यथार्थदर्शनासाठी लागणारा भागाकार दर सोळा चित्रबिंदूंमागे एकदाच करावयाचा आणि पेंटियमचा अपूर्णांकांची गणिते करणारा विभाग तो भागाकार करीत असतानाच पूर्णांक विभागाने चित्रबिंदू रंगवीत राहावयाचे, अशी ती योजना होती. सायरिक्सचा ६एक्स८६ हा त्या काळातील स्वस्त पर्याय होय. कार्यालयीन कामात तो पेंटियमच्या तोडीचा होता, किंबहुना म्हणूनच १३३ मेगाहर्ट्झवर चालणारी ही चिप ‘१६६+’ या मानांकनाने विकली जात असे. अपूर्णांकांच्या गणितात तो दुबळा होता आणि क्वेकने ते उघड केले. एकच मानांकन सर्व कामांना लागू पडत नाही, हे खरेदीदारांच्या प्रथमच ठळकपणे लक्षात आले.

त्याच वर्षाच्या अखेरीस थ्रीडीएफएक्स कंपनीची वूडू चिप असलेली कार्डे घरगुती संगणकांसाठी उपलब्ध झाली. चित्रबिंदू रंगविण्याचे काम कार्डाकडे गेले. त्रिमित आकृत्यांच्या शिरोबिंदूंचे स्थान काढण्याची गणिते मात्र प्रोसेसरकडेच राहिली. कार्ड घेतले तरी प्रोसेसरचा विचार सुटत नव्हता. सांगडीचा प्रश्न निर्माण झाला तो येथे.

१९९८ : एकाच चिपच्या दोन किमती

१९९८ च्या फेब्रुवारीत वूडू-२ आले. हे कार्ड इतके समर्थ होते की तत्कालीन सामान्य प्रोसेसर त्याला पुरेसे काम पुरवू शकत नसे. प्रोसेसर जितका वेगवान तितकी त्याची कामगिरी वाढत जाई. त्याच वर्षी अल्पमूल्य प्रोसेसरच्या इतिहासातील दोन महत्त्वाचे पर्याय बाजारात आले. या वर्षाचा विचार काहीसा विस्ताराने करणे उचित ठरेल.

पहिला पर्याय एएमडीचा के६-२ (मे १९९८). इंटेलने पेंटियम-२ सोबत स्लॉट १ ही नवी जोडणी आणली आणि सॉकेट ७ सोडून दिले. प्रतिस्पर्ध्यांना स्लॉट १ वापरता येत नव्हता. एएमडीने जुन्या सॉकेटचाच विस्तार करून त्याला १०० मेगाहर्ट्झची बस दिली. बस म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्यातील माहितीमार्ग. ज्यांचा मदरबोर्ड योग्य विद्युतदाब पुरवू शकत होता त्यांना केवळ प्रोसेसर बदलून भागविता आले. के६-२ चा अपूर्णांक विभाग पेंटियम-२ पेक्षा मंद होता. ही उणीव भरून काढण्यासाठी एएमडीने ‘थ्रीडीनाऊ’ नावाच्या २१ नव्या आज्ञा त्यात घातल्या. त्यांचा उपयोग करणारे सॉफ्टवेअर असेल तरच त्यांचा लाभ होत असे. थ्रीडीएफएक्सच्या कार्डांसाठी आणि ‘क्वेक-२’ साठी तशा आवृत्त्या निघाल्या आणि तेथे के६-२ ने समाधानकारक कामगिरी केली. अन्य अनेक खेळांत तो मागे पडला. म्हणजेच या प्रोसेसरचे मोल खेळ लिहिणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिले.

दुसरा पर्याय इंटेलचा सेलेरॉन. एप्रिल १९९८ मधील पहिल्या सेलेरॉनमधून दुय्यम कॅश स्मृती पूर्णतः काढून टाकण्यात आली होती. प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती त्याच्या निकट ठेवणारी ही लहान, जलद स्मृती होय. तिच्या अभावी हा सेलेरॉन बहुतेक कामांत मंद ठरला आणि त्यावर टीका झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने ३००ए हे सुधारित रूप आणले. त्यात १२८ किलोबाइट कॅश होती. पेंटियम-२ मधील कॅश चौपट, म्हणजे ५१२ किलोबाइट होती. परंतु ती वेगळ्या चिपमध्ये असून प्रोसेसरच्या निम्म्या गतीने चालत असे. सेलेरॉनची कॅश प्रोसेसरच्याच चिपवर असल्याने पूर्ण गतीने चालत होती. खेळांच्या बाबतीत लहान पण जलद कॅश मोठ्या पण मंद कॅशच्या जवळपास बरोबरीची ठरली.

यापुढील प्रकार अधिक उद्बोधक आहे. सेलेरॉन ३००ए ची गती ६६ मेगाहर्ट्झच्या बसला ४.५ ने गुणून मिळत असे. हा गुणक इंटेलने बदलता येऊ नये असा बंदिस्त केला होता. बस मात्र मदरबोर्डच्या हाती होती. इंटेलच्याच ४४०बीएक्स चिपसेटवरील मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झची बस देत असत. ती लावली की त्याच चिपची गती ४५० मेगाहर्ट्झ होई. काही मदरबोर्डांवर त्यासाठी प्रोसेसरच्या बी२१ या संपर्कबिंदूवर चिकटपट्टी लावावी लागे. ज्या दिवशी ३००ए जाहीर झाला त्याच दिवशी ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-२ ही जाहीर झाला होता. हजार नगांच्या खरेदीतील त्यांचे दर अनुक्रमे १४९ आणि ६६९ डॉलर होते. प्रत्येक नग ४५० मेगाहर्ट्झवर स्थिर राहतोच असे नव्हते आणि या प्रयोगाला कंपनीची हमीही नव्हती. तरीही यश मिळण्याचे प्रमाण इतके चांगले होते की वूडू-२ सोबत हीच जोडी घ्यावी, हा हौशी वर्तुळातील प्रचलित सल्ला झाला.

या घटनेचे वर्णन बहुधा ग्राहकांची हुशारी म्हणून केले जाते. ते अंशतःच खरे आहे. चिप मुळातच अधिक गतीस समर्थ होती. तिच्यावरील ६६ मेगाहर्ट्झची मर्यादा महाग चिपची विक्री सुरक्षित राखण्यासाठी होती, असे मानण्यास आधार आहे. कारण पेंटियम-३ ला १९९९ मध्येच १३३ मेगाहर्ट्झची बस मिळाली, तर सेलेरॉनला १०० मेगाहर्ट्झसाठी जानेवारी २००१ पर्यंत थांबावे लागले.

भारतीय संदर्भात एका गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला आणि त्यानुसार संगणक व सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने घटत २००५ पर्यंत शून्यावर आले. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत ‘असेंबल्ड’ संगणक जोडून घेण्याची पद्धत रूढ होती. तेथे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कार्ड यांची निवड स्वतंत्रपणे होत असल्याने सांगडीचा हा प्रश्न विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्या संभाषणात थेट येत असे.

भार कमी झाला, पण कितपत?

ऑक्टोबर १९९९ मध्ये एन्व्हिडियाचे जीफोर्स २५६ विक्रीस आले. शिरोबिंदूंचे रूपांतर आणि प्रकाशाची गणिते या कार्डाने स्वतःकडे घेतली. आता स्वस्त प्रोसेसर पुरेल, अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक होते. ही अपेक्षा पूर्णतः फलद्रूप झाली नाही. एक तर ही सोय वापरणारे खेळ प्रारंभी थोडे होते. दुसरे असे की, प्रोसेसरला मिळालेली सवड खेळ लिहिणाऱ्यांनी लगेच अन्य कामांनी भरून काढली. २००४ मधील ‘हाफ-लाइफ २’ मध्ये वस्तूंच्या पडण्या-आपटण्याचे भौतिकशास्त्र प्रोसेसरवर चालत होते, तर त्याच वर्षीच्या ‘डूम ३’ मध्ये सावल्यांच्या बाह्यरेषा शोधण्याचे काम प्रोसेसर करीत होता.

या काळातील दोन स्वस्त चिपांची तुलना बोलकी आहे. एएमडीच्या ड्युरॉनमध्ये (जून २०००) दुय्यम कॅश अवघी ६४ किलोबाइट होती. पण प्राथमिक कॅश १२८ किलोबाइट असून दोहोंत तीच माहिती दोनदा साठविली जात नसे. परिणामी कपात फारशी जाणवली नाही. याउलट मे २००२ मध्ये पेंटियम-४ च्या रचनेवर आधारित १.७ गिगाहर्ट्झचा सेलेरॉन आला. या रचनेत आज्ञा वीस टप्प्यांतून जात असे आणि माहिती वेळेवर न मिळाल्यास मोठा खोळंबा होई. अशा रचनेला १२८ किलोबाइट कॅश फारच तोकडी होती. जाहिरातीतील गिगाहर्ट्झचा आकडा मोठा आणि खेळांतील कामगिरी निराशाजनक, असा हा प्रकार होता. ग्राहकाची खरी फसगत अशाच चिपांनी केली, असे म्हणावे लागते.

कोअरची संख्या

२००५ नंतर एका चिपमध्ये अनेक कोअर देण्याची पद्धत आली आणि कपातीचे स्थानही बदलले. २०१४ मधील इंटेलचा पेंटियम जी३२५८ हे याचे उदाहरण. ७२ डॉलरच्या या चिपमध्ये दोन कोअर होते आणि गुणक खुला होता. गती वाढविल्यावर अनेक खेळांत तो महाग चिपांच्या जवळ जाई. १९९८ ची पुनरावृत्ती झाली असे अनेकांना वाटले. परंतु २०१३ च्या अखेरीस आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांमध्ये आठ कोअर होते आणि नवे खेळ त्यांच्यासाठी लिहिले जात होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘फार क्राय ४’ प्रसिद्ध झाला तो केवळ दोन थ्रेड चालविणाऱ्या प्रोसेसरवर सुरूच होत नव्हता. गती कितीही वाढविली तरी या अडचणीवर तो उपाय नव्हता.

जुन्या मदरबोर्डचे आयुष्य

अल्पमूल्य सुधारणेचा खर्च केवळ प्रोसेसरचा नसतो. मदरबोर्डही बदलावा लागला तर, आणि त्यासोबत स्मृतीही, मूळ काटकसर निरर्थक ठरते. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीचे घरगुती प्रोसेसर आणले. त्यांचे सॉकेट २०१५ मधील एलजीए ११५१ हेच होते, तरी जुन्या मदरबोर्डांवर ते अधिकृतपणे चालत नव्हते. वीजपुरवठ्याच्या गरजा वेगळ्या असल्याचे कारण कंपनीने दिले. तथापि काही हौशी तंत्रज्ञांनी फेरफार करून ते जुन्या मदरबोर्डांवर चालवून दाखविले.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचा इतिहास निराळा आहे आणि तोही कंपनीच्या औदार्याचा नाही. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले की आगामी झेन ३ प्रोसेसर ४०० मालिकेच्या मदरबोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरविला. २०२२ मध्ये ही सोय २०१७ च्या ३०० मालिकेपर्यंत वाढविण्यात आली. तोपर्यंत इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरांनी स्पर्धा तीव्र केली होती, हेही विसरता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर १९९ डॉलरला आला. पाच वर्षांपूर्वीचा मदरबोर्ड आणि स्मृती तशीच ठेवून तो बसविता येणे, ही खेळांसाठी यंत्र सुधारणाऱ्या सामान्य खरेदीदाराला अलीकडच्या काळात मिळालेली बहुधा सर्वांत मोठी सवलत होती.

डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने स्वतःचे आर्क बी५८० हे ग्राफिक्स कार्ड २४९ डॉलरला आणले. त्याची प्रारंभिक परीक्षणे वेगवान प्रोसेसरवर झाली आणि किमतीच्या मानाने ती अनुकूल होती. जानेवारी २०२५ मध्ये काही परीक्षकांनी तेच कार्ड रायझन ५ २६०० आणि ५६०० यांसारख्या प्रोसेसरवर तपासले तेव्हा अनेक खेळांत त्याची कामगिरी लक्षणीय घटली. त्याच प्रोसेसरवर प्रतिस्पर्ध्यांच्या समान किमतीच्या कार्डांची इतकी घट होत नव्हती. आदेश तयार करण्याचा या कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा भार प्रोसेसरवर अधिक पडत होता. ज्या खरेदीदारासाठी हे कार्ड आणले गेले, नेमके त्याच्याच घरी असे प्रोसेसर होते. प्रारंभिक परीक्षणांतील आकडे त्याच्या यंत्राला लागू पडत नव्हते.