न दुखणाऱ्या जखमेची मोजदाद

चैत्र महिन्यात नाशिकहून वणीच्या सप्तशृंगी गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांची रीघ लागते. अंतर सुमारे साठ किलोमीटर. खानदेशातून येणाऱ्यांना त्याहून कितीतरी जास्त. त्यांतले बरेच जण अनवाणी असतात. डांबर तापलेले असते, कडेची खडी उघडी पडलेली असते. निरोगी माणसाचा पाय अशा वेळी आपोआप उचलला जातो, सावलीची कड धरतो. खडा रुतला की माणूस थांबतो. पण पंधरा-वीस वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडेलच असे नाही. टाचेखाली फोड येतो, फुटतो, त्यात माती जाते, तरी तो चालत राहतो. मुक्कामी कुणीतरी फरशीवरचे रक्ताचे डाग दाखवते तेव्हा त्याला समजते. अशा माणसाला विचारून पाहा, ‘चालताना चप्पल पायातून निसटली आणि कळलेच नाही, असे कधी झाले होते का?’ उत्तर ‘हो’ असे येऊ शकते.

जी जास्त दुखते ती जखम मोठी, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. मधुमेह्याच्या पायाबाबत हा हिशेब उलटा करावा लागतो. तो उलटा करायला वैद्यकाला फार काळ लागला, आणि त्या काळात पुष्कळ पाय कापले गेले.

सुरुवात तशी बरी झाली होती. १८८४ साली लंडनचे शल्यचिकित्सक फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तळपायाला भोक पाडणाऱ्या व्रणांविषयी लिहिले. व्रणाभोवतीचा कडक घट्टा तासून काढावा आणि पायावर भार पडू देऊ नये, म्हणजे तो भरतो, हे त्यांच्या अनुभवाचे सार. १८८७ मध्ये डेव्हिस प्राइस यांनी त्याच नियतकालिकात असे व्रण असलेल्या एका मधुमेही रुग्णाची हकीकत दिली. दोन्ही धागे जवळ होते, पण त्यांची गाठ मारली गेली नाही. १९२२ मध्ये इन्शुलिन हाती आले, मधुमेही माणसे अधिक जगू लागली आणि पायाच्या तक्रारीही वाढल्या. बोस्टनचे इलियट जोस्लिन यांनी १९३४ मध्ये बजावले, की पाय कुजणे हा दैवाचा कोप नसून तो टाळता येण्याजोगा आहे. तरीही सर्वसाधारण समजूत अशी, की साखरेमुळे मांस सडते, रक्तवाहिन्या तुंबतात. तेव्हा जिथे रक्त चांगले पोचते तिथून, म्हणजे बहुधा गुडघ्याच्या वरून, पाय कापावा.

या समजुतीला धक्का बसला तो मधुमेहाच्या दवाखान्यात नव्हे, तर तामिळनाडूत कुष्ठरोग्यांमध्ये काम करताना. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ असे तेव्हा सारेच मानत. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा दिसले, की मांस आपोआप सडत नव्हते. संवेदना गेलेला हात गंजलेले कुलूप इतक्या जोराने उघडे, की बोट फाटे. झोपेत उंदीर बोटे कुरतडत आणि रुग्णाला जाग येत नसे. पायाचेही तेच. आपण लंगडतो, भार बदलतो, कारण दुखते. ज्याला दुखत नाही तो हजारो पावले त्याच एका जागेवर टाकतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. तेव्हा क्षेत्रफळ वाढवा, दाब कमी होईल. तळव्याला सर्वत्र टेकेल असे प्लास्टर आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला हे उपाय या विचारात बसणारे होते. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कार्व्हिल येथे गेले. कुष्ठरोग्यांच्या पायांवरून शिकलेले तेथे मधुमेह्यांच्या पायांनाही लागू पडले.

आता प्रश्न आला बधिरपणा मोजायचा कसा? येथे एक नायलॉनचा धागा कामी आला, आणि त्यामागचे भौतिकशास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे. धागा त्वचेवर उभा टेकवून दाबत गेलो, की एका ठरावीक बलाला तो वाकतो. त्यानंतर आपण कितीही जोर लावला तरी त्वचेवरचे बल फारसे वाढत नाही. हे बल धाग्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरते: जाडी दुप्पट केली तर ते १६ पट होते, लांबी दुप्पट केली तर चौथाईवर येते. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात खांबांसाठी मांडलेला हा नियम. १८९६ मध्ये जर्मनीत फॉन फ्रे याने त्यासाठी केस वापरले होते, पण केस दमट हवेत मऊ पडतात. पुढे नायलॉन आले. १९८६ मध्ये कार्व्हिलच्याच बर्क आणि सिम्स यांनी दाखवले, की १० ग्रॅम बलाला वाकणारा धागा ज्याला जाणवत नाही, त्याच्या पायाचे नैसर्गिक संरक्षण गेलेले असते. (नायलॉनही थकते, बरे का. दहा-एक रुग्ण तपासल्यावर धाग्याला दिवसभर विश्रांती द्यावी लागते.)

धोका कळला. पण जखम झालीच, तर ती किती गंभीर? १९७६ मध्ये मेगिट यांनी आणि १९८१ मध्ये लॉस एंजेलिसचे वॅग्नर यांनी शून्य ते पाच अशी शिडी दिली. शून्य म्हणजे त्वचा अखंड. एक, वरवरचा व्रण. दोन, स्नायूबंध वा हाडापर्यंत. तीन, आत पू किंवा हाडाचा जंतुसंसर्ग. चार, पुढचा पाय काळा. पाच, सारे पाऊल. शिडी सोपी असल्याने जगभर चालली. पण आमच्या मते तिच्यात एक खोट होती. पाय काळा पडण्यासाठी आधी खोल व्रण व्हावाच लागतो असे नाही, नुसते रक्त अडले तरी पुरते. सारख्या खोलीच्या दोन जखमा घ्या. एकीत रक्तपुरवठा चांगला, पू नाही. दुसरीत पू आहे आणि घोट्याजवळची नाडी लागत नाही. पहिलीला प्लास्टर घालून आठवडे देता येतात, दुसरीत तासांचा हिशेब असतो.

टेक्सासमध्ये लॅव्हरी, आर्मस्ट्राँग आणि हार्कलेस यांनी १९९६ मध्ये म्हणूनच खोली एकीकडे आणि पू व रक्तपुरवठा दुसरीकडे असा कोष्टकाचा मार्ग धरला. १९९८ मध्ये त्यांनी ३६० रुग्ण तपासले. संसर्ग आणि अपुरे रक्त दोन्ही असलेल्यांमध्ये पाऊल वा त्यावरचा भाग कापावा लागण्याची शक्यता सौम्य अवस्थेतल्यांपेक्षा जवळजवळ ९० पट निघाली. २०१४ मध्ये आणखी एक पद्धत आली. तीत जखम, रक्तपुरवठा, संसर्ग प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात, म्हणजे एकूण ६४ जोड्या, आणि त्यांचे धोक्याप्रमाणे चार गट. नाडी लागत नाही असे आढळले, तर आता आधी रक्तवाहिनी मोकळी करता येईल का ते पाहतात आणि करवत मागे ठेवतात.

आपल्याकडे नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी हा विषय लावून धरला. २००४ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमात डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना पाय तपासण्याचे शिक्षण देण्यात आले. पाश्चात्य पुस्तकांतला रुग्ण बूट घालतो. आपला देवळाच्या तापलेल्या फरशीवर, शेतात अनवाणी असतो. वेल्लोरचे ते उंदीरही आपल्या ओळखीचे आहेत.

नायलॉनचा धागा हाताशी नसेल तर काय? २०११ मध्ये इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी याचे उत्तर दिले. गडावर निघालेल्या मधुमेही आजोबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या, अशा सहा टोकांना तर्जनी एक-दोन सेकंद नुसती टेकवा. दाबायचे नाही, थोपटायचे नाही. प्रत्येक वेळी डावा की उजवा ते त्यांनी सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श निसटले, तर पाय बधिर आहे असे धरा आणि चप्पल काढण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या.